नाव पत्त्याचे की वस्तूचे?

आमच्या शाळेच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात जनरल रजिस्टरे आहेत. सगळ्यात जुने १९३४ सालचे. दाखला मागायला आलेला माणूस आधी आपले नाव सांगतो, कारकून ते ऐकून घेतात आणि विचारतात, "रजिस्टर नंबर आहे का?" परक्या माणसाला यात कोरडेपणा वाटेल. आपल्या भागातल्या माणसाला वाटणार नाही. ज्ञानेश्वर हे साधे नाव घ्या. 'ज्ञ' या अक्षराचा मराठी उच्चार वेगळा, कन्नड उच्चार वेगळा. इंग्रजीत लिहिताना हेच नाव एका कागदावर 'डी' या अक्षराने सुरू होते, दुसऱ्यावर 'जे'ने, तिसऱ्यावर 'जी'ने. वर्णानुक्रमे यादी केली की एकच मुलगा तीन ठिकाणी उभा! गावाचेही तेच. घरात बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी, जुन्या इंग्रजी कागदांवर बेलगाम. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीतही बेळगावी. या सगळ्या गोंधळात रजिस्टर नंबर तेवढा एकच राहतो. तो नावाचा नसतो, मुलाचा असतो.

ही गोष्ट मी नोकरीची तीस वर्षे रोज पाहत आलो. तरीही ती मला नीट कळली नव्हती, हे २०२२ च्या मे महिन्यात सिद्ध झाले.

झाले ते असे. २०१८ साली आम्ही सगळी रजिस्टरे पानन् पान स्कॅन करून एका हार्ड डिस्कवर ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस आणि पूर आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. कचेरीचे छप्पर गळले आणि दोन रजिस्टरांतली शाई पसरली. काही पाने वाचण्यापलीकडे गेली. तेव्हा त्या डिस्कने आमची लाज राखली. दुसरी, अगदी तशीच दिसणारी एक डिस्क परीक्षेच्या कामाला होती. ती दरवर्षी सुट्टीत कोरी करायची असे. संगणकावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली होती. तिथे या दोन डिस्कना 'एसडीबी' आणि 'एसडीसी' अशी नावे दिसत. मी माझ्या हाताने एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले होते : 'मे महिन्यात एसडीसी कोरी करावी.'

त्या वर्षी साफसफाईसाठी वायरी काढल्या गेल्या. परत जोडताना जी डिस्क आधी लागायची ती नंतर लागली. कारकुनांनी भिंतीवरचा कागद वाचला आणि कागदाप्रमाणे केले. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, चेहरा पांढराफटक. "सर, भरलेलीच पुसली की हो!"

पुढे आम्ही बाकीची रजिस्टरे पुन्हा स्कॅन केली. त्यात दोन महिने गेले. पण पावसाने नेलेली पाने दुसऱ्यांदा गेली आणि ती आता कुठेच नाहीत. असे का झाले याचा शोध घेताना आमचा एक माजी विद्यार्थी, जो पुण्यात संगणकाच्याच व्यवसायात आहे, त्याने मला बरेच वाचायला दिले. वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की ज्या खड्ड्यात मी पडलो तो जवळजवळ पन्नास वर्षे जुना आहे, आणि मोठमोठी बुद्धिमान माणसे त्यात पडून, उठून, तो बुजवीत आलेली आहेत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या बुजवण्याची कथा सांगावीशी वाटली.

*

कथेची सुरुवात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीजमध्ये होते. १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिथे युनिक्स नावाची प्रणाली रचायला घेतली. तिच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची आहे. आजच्या लिनक्सची घडण याच युनिक्सच्या घराण्यातली.

या दोघांनी फाइल आणि तिचे नाव यांची फारकत केली. फाइलचा खरा दाखला म्हणजे एक क्रमांक. त्याला आय-नोड क्रमांक म्हणतात. फाइल किती मोठी, कोणाची, डिस्कवर कुठे, हे सगळे त्या क्रमांकाखाली नोंदलेले असते. नाव मात्र त्या नोंदीत नसतेच! ते निर्देशिकेत, म्हणजे फाइलींच्या यादीत असते, आणि ती यादी एवढेच सांगते की अमुक नावाने हाक मारली तर तमुक क्रमांकाकडे जा. त्यामुळे एकाच फाइलला दोन, तीन, दहा नावे असू शकतात आणि सगळ्यांचा मान सारखा. एक नाव खोडले तरी फाइल राहते. शेवटचे नाव खोडले गेले की मगच ती जाते. आमच्या जनरल रजिस्टरचीच ही रीत.

आता गंमत पाहा. फाइलच्या बाबतीत इतका नेमका विचार करणाऱ्या या प्रणालीने डिस्कच्या बाबतीत मात्र वेगळे धोरण ठेवले. युनिक्समध्ये यंत्राचे भागसुद्धा फाइलीसारखेच वागवले जातात आणि 'डेव्ह' नावाच्या निर्देशिकेत त्यांची नावे असतात. त्या नावांमागेही दोन क्रमांक असतात : एक उपकरण कोणत्या जातीचे ते सांगतो, दुसरा त्या जातीतले कितवे ते. या 'कितवे' शब्दातच सगळी ग्यानबाची मेख आहे. 'कितवे' हे जागेचे वर्णन झाले. तिथे बसलेल्या वस्तूची ओळख त्यात नाही.

थॉम्प्सन आणि रिची यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांच्या यंत्राचे वर्णन आहे. त्याला जोडलेल्या काही डिस्का काढता-घालता येणाऱ्या होत्या. एका कार्ट्रिजमध्ये सुमारे २५ लाख बाइट मावत. म्हणजे संगणकाला माहीत असलेले नाव होते ते खणाचे. खणात आज कोणते कार्ट्रिज घातले आहे हे माणसाने डोळ्यांनी पाहायचे. एका खोलीत एक यंत्र आणि त्याच्याभोवती ते रचणारी माणसेच वावरत असताना यात काही अडचण नव्हती. लहान गावात पोस्टमनला घरांना नंबर लागत नाहीत, तसेच हे.

*

१९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहिला आणि हा वारसा घरगुती संगणकांवर आला. त्या काळच्या सामान्य डिस्का दोन पट्टेदार वायरींवर बसत, प्रत्येक वायरीवर दोन. त्यांना एचडीए, एचडीबी, एचडीसी, एचडीडी अशी नावे मिळत. पहिल्या वायरीवरची पहिली ती 'ए', दुसरीवरची पहिली ती 'सी'. एखादी जागा रिकामी राहिली तरी बाकीच्यांची नावे बदलत नसत. नाव जागेचेच होते, पण जागा तरी पक्की होती.

दुसऱ्या, महागड्या जातीच्या डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे मिळत, आणि ती सापडण्याच्या क्रमाने. जी आधी सापडली ती 'ए'. हजेरीपटावर वर्गात शिरण्याच्या क्रमाने नंबर घातल्यासारखे! उद्या एखादा मुलगा उशिरा आला की सगळ्यांचे नंबर सरकणार. पुढे यूएसबीने जोडायच्या डिस्का आल्या, त्यांनाही हीच रीत लागली. २००६-०७ च्या सुमारास साध्या डिस्काही याच पद्धतीत ओढल्या गेल्या. म्हणजे पक्क्या जागेची जी काही हमी होती तीही गेली. भिंतीवरचा माझा कागद याच रीतीचा बळी.

बँकांसारख्या मोठ्या संस्थांत तर याहून विचित्र प्रकार. तिथे डिस्कांचे कपाट वेगळे असते आणि एक वायर तुटली तर काम अडू नये म्हणून त्या कपाटाकडे मुद्दाम दोन वायरी नेतात. संगणकाला मात्र दोन्ही वायरींच्या टोकाला डिस्क दिसते आणि तो एकाच डिस्कला दोन समजून एसडीए आणि एसडीबी अशी दोन नावे देतो. आता या दोन 'डिस्कां'वर दोघे वेगवेगळे लिहू लागले तर? एका वहीत दोन कारकून एकमेकांना न पाहता लिहीत बसल्यासारखे होईल. यावर उपाय असा निघाला की वायरीला विचारण्याऐवजी डिस्कलाच विचारायचे, "तुझा स्वतःचा नंबर काय?" कारखान्यातून निघतानाच अशा डिस्कला जगात दुसऱ्या कोणाला नसेल असा क्रमांक दिलेला असतो. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले की समजायचे, वाटा दोन, डिस्क एक. आणि त्या दोन वाटा एका नावाखाली बांधायच्या.

*

जगात दुसऱ्या कोणाला नसेल असा क्रमांक द्यायचा कसा? पुण्यातला एक आणि पॅरिसमधला एक, दोन संगणक एकमेकांना न विचारता क्रमांक देत असतील तर ते एकच क्रमांक देणार नाहीत कशावरून? या प्रश्नाचे एक उत्तर १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अपोलो नावाच्या कंपनीत तयार झाले. तिथल्या पॉल लीच आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली एक निबंध सादर केला. त्यांच्या जाळ्यातल्या प्रत्येक वस्तूला ६४ बिटांचा क्रमांक असे. तो त्या क्षणाची वेळ आणि त्या यंत्राचा स्वतःचा नंबर जोडून बनवलेला असे. एका यंत्रावर एक क्षण दोनदा येत नाही, म्हणून क्रमांकही दोनदा येत नाही. पुढे हा क्रमांक १२८ बिटांचा झाला. २००५ साली त्याची रीतसर मानक व्याख्या प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या लेखकांत हेच पॉल लीच होते. मध्ये तेवीस वर्षे गेली होती. या क्रमांकाला यूयूआयडी म्हणतात. तो बत्तीस चिन्हांत, आठ-चार-चार-चार-बारा अशा पाच गटांत लिहितात. १२८ बिटांत जितके वेगवेगळे क्रमांक बसतात ती संख्या लिहायची तर ३४ लिहून पुढे ३७ शून्ये द्यावी लागतात. म्हणून हल्ली वेळ न पाहता नुसते चिठ्ठ्या काढल्यासारखे अंक काढले तरी दोघांची चिठ्ठी एक निघण्याचे भय व्यवहारात उरत नाही.

डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेला फाइल सिस्टीम म्हणतात. तिच्या आरंभी 'सुपरब्लॉक' नावाची एक नोंद असते. वहीच्या पहिल्या पानावर आपण नाव, इयत्ता, विषय लिहितो तशी. लिनक्सच्या फाइल सिस्टीम याच पानावर यूयूआयडी लिहून ठेवू लागल्या. डिस्क कोणत्याही खणात घाला, कोणत्याही वायरीला लावा, पहिले पान उघडले की ओळख पटते.

पण लिहिलेला नंबर कोणी वाचला पाहिजे ना? ते काम २००३ साली मार्गी लागले. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या वर्षी कॅनडातल्या ओटावा येथील परिषदेत 'यूडेव्ह' ही योजना मांडली. तोवर 'डेव्ह' निर्देशिकेत असू शकणाऱ्या प्रत्येक उपकरणाच्या नावाने आधीच हजारो नोंदी करून ठेवलेल्या असत; पाहुणे येवोत न येवोत, पाने मांडून ठेवल्यासारख्या. यूडेव्ह मात्र उपकरण जोडले गेले की त्याला त्याची माहिती विचारतो आणि मग नावे देतो. नावे, अनेकवचनी. एकाच डिस्कला सापडण्याच्या क्रमाचे नाव, कारखान्याच्या नंबराचे नाव, यूयूआयडीचे नाव, कोणत्या खाचेला जोडली त्या वाटेचे नाव. सगळी नावे शेवटी त्याच एका डिस्ककडे बोट दाखवतात. २००६ नंतर उबंटूसारख्या प्रणाल्या आपल्या सुरुवातीच्या यादीत एसडीएऐवजी यूयूआयडी लिहू लागल्या, त्या या जोरावरच.

*

इथे कथा संपली असे वाटेल. मलाही वाटले होते. पण नावे अनेक झाली की नवा प्रश्न येतो : ती सगळी एकाचीच आहेत हे ओळखायचे कोणी?

२००७ साली ओरॅकल कंपनीत काम करणाऱ्या ख्रिस मेसन यांनी बीटीआरएफएस नावाची नवी फाइल सिस्टीम लिहायला घेतली. मार्च २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. तिचे वैशिष्ट्य असे की एकच फाइल सिस्टीम अनेक डिस्कांवर पसरता येते. म्हणून ती प्रत्येक डिस्कच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहिते : आपण कोणत्या कुटुंबातले, आणि त्या कुटुंबात कितवे. ओळख पक्की. पण कोणी विचारले की 'ही डिस्क कोणती?', तर सांगायला म्हणून गाभा तिचे वाटेचे नावही जवळ लिहून ठेवी. घोटाळा झाला तो या टिपणात.

लिनक्सवर डिस्कांचे सोयीचे कप्पे पाडण्याची एक व्यवस्था आहे. तिच्यातल्या कप्प्याला माणसाने दिलेले एक वाचनीय नाव असते आणि गाभ्याने दिलेले 'डीएम-४' असे एक नाव असते. यूडेव्ह अधूनमधून सगळ्या डिस्कांची हजेरी घेतो. त्या हजेरीत डिस्क कधी एका नावाने येई, कधी दुसऱ्या. बीटीआरएफएस नुसती अक्षरे ताडून पाही. अक्षरे वेगळी दिसली की नोंद करी : 'नाव बदलले.' थोड्या वेळाने पुन्हा : 'नाव बदलले.' डिस्क जागची हललेली नाही, आणि नोंदवहीत मात्र नामांतरांचा पूर!

याहून मजेचा प्रकार म्हणजे, एखादा कार्यक्रम डिस्क स्वतः उघडून गाभ्याला सांगे की 'माझ्या हातातली तिसऱ्या क्रमांकाची वस्तू जोड.' लिनक्समध्ये अशा सांगण्यालाही वाटेचे रीतसर रूप आहे. गाभा योग्य डिस्क शोधून जोडी, त्यात चूक नव्हती. पण नाव म्हणून ते वाक्यच लिहून ठेवी. आमच्या जनरल रजिस्टरात एखाद्या मुलाचे नाव 'हा माझ्या डावीकडे उभा असलेला' असे लिहिल्यासारखे! बोलणाऱ्यापुरते आणि त्या घटकेपुरते ते खरे असते. तो कार्यक्रम संपला की त्या नावाला कोणताच अर्थ उरत नाही.

२०२४ साली यावर दुरुस्ती लिहिली गेली. ती दोन भागांत आहे आणि मला ती शाळेच्या कारभारालाही लागू वाटते. पहिला भाग असा : नवे नाव आले तर अक्षरे ताडू नका, दोन्ही नावांच्या वाटेने शेवटपर्यंत चालत जा आणि पोचता ती वस्तू एकच आहे का पाहा. एकच असेल तर नोंद बदलण्याचे कारण नाही. दुसरा भाग असा : जे नाव 'डेव्ह' या मान्य निर्देशिकेतले आहे ते ठेवा, मग ते कोणाचे टोपणनाव का असेना, पण बाहेरचे काही विचित्र नाव आले तर ते तसेच न लिहिता त्या वाटेने शेवटी जाऊन तिथले खरे नाव लिहा. वाचनीय नावे बेकायदा ठरवली नाहीत हे मला विशेष वाटले. माणसे ती वापरतात, त्यांच्यावर कामे अवलंबून असतात. एकच नाव सक्तीचे करून प्रश्न सुटला नसता, फक्त लोकांची गैरसोय झाली असती.

नंबरालाही मर्यादा आहेत, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. एखाद्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर पहिल्या पानावरचा यूयूआयडीही नकलेत उतरतो. मग दोन वस्तू आणि ओळख एक! हा उलटा घोटाळा अधिक धोक्याचा, कारण मूळ समजून नकलेवर लिहिले जाऊ शकते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.७ आवृत्तीत एकाच डिस्कवरच्या बीटीआरएफएसपुरती याचीही सोय झाली : अशी नक्कल मूळच्या शेजारी जोडायची असेल तर तिला तेवढ्यापुरता तात्पुरता क्रमांक दिला जातो. दाखल्याच्या नकलेवर आम्ही 'दुय्यम प्रत' असा शिक्का मारतो, तो याच भीतीने.

*

आता पुन्हा आमच्या कचेरीत येतो. त्या दिवशी कारकून रडायच्या बेतात होते. मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि काहीतरी समजुतीचे बोललो. खरे बोलायला मला पुढचे काही महिने लागले. चूक त्यांची नव्हती. त्यांनी कागदाप्रमाणे केले होते, आणि कागद माझ्या हस्ताक्षरात होता. मुलाचे नाव विश्वासाचे नाही म्हणून जन्मभर रजिस्टर नंबर विचारणाऱ्या मी डिस्कच्या बाबतीत मात्र तिच्या जागेलाच तिचे नाव समजलो होतो.

भिंतीवर आता नवा कागद आहे. त्यावर कोऱ्या करायच्या डिस्कचा कारखान्याचा नंबर आहे, तोच नंबर डिस्कवर चिठ्ठीनेही लावला आहे, आणि खाली एक ओळ : 'दोन्ही नंबर ताडून पाहिल्याशिवाय आणि दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पुसू नये.' रजिस्टरांच्या स्कॅनची आणखी एक प्रत आता शाळेबाहेर असते.

गेल्या वर्षी एक आजोबा दाखला मागायला आले. त्यांचे पान त्या गेलेल्या पानांपैकी. नंबर त्यांना पाठ होता, पण नंबराखालची नोंदच आमच्याकडे नव्हती. त्यांच्या वर्गाच्या जुन्या परीक्षेच्या निकालपत्रकात आम्हाला त्यांचे नाव मिळाले, ते त्यांनी सांगितले त्याहून वेगळ्या वळणाचे. आजोबांनी चष्मा सारखा करून ते वाचले आणि म्हणाले, "हे आमच्या मास्तरांचं लिहिणं. घरी आई वेगळं म्हणायची. दोन्ही मीच की."